न आवडण्याचे कारण

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेवर दोन मार्कांचा एक प्रश्न असतो. कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण लिहा. हा प्रश्न आला तेव्हापासून मी तो शिकवत होते, आणि कित्येक वर्षं त्यातलं 'वा न आवडण्याचे' मला दिसलंच नव्हतं. कुणालाच दिसत नसे. प्रश्न वाचायचा, कविता आवडून टाकायची, दोन कारणं द्यायची आणि पुढे सरकायचं. पहिलं कारण साधीसोपी भाषा, दुसरं हृदयाला भिडणारा आशय. मी ते फळ्यावर लिहायचे, मुलं वहीत उतरवून घ्यायची, मी लाल पेनाने सही करायचे. पन्नास मुलं, पन्नास वह्या, आणि पन्नासही हृदयांना आशय एकाच वाक्यात भिडायचा. मला यात काही खुपत नव्हतं. माझे निकाल चांगले लागत होते आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मीटिंगमध्ये माझं कौतुक करत होत्या.

आमची शाळा तुर्भ्यात. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला मार्केट. वारा मार्केटकडून आला की मिरचीचा खकाणा वर्गात शिरतो आणि अर्धा वर्ग शिंकत बसतो. कारखान्यांकडून आला की काय येतं ते विचारू नये. मुलं माथाड्यांची, गोडाऊनमधल्या कामगारांची, ट्रक चालवणाऱ्यांची. मी राहते उलव्याला, नव्या टॉवरमध्ये. आमच्या सोसायटीतल्या बायका मला अधूनमधून विचारतात, मराठी मीडियमच्या शाळा अजून चालू आहेत का? मी सांगते, आहेत, आणि तुमच्या आमटीत पडणारा मसाला ज्यांच्या आया पुड्यांत भरतात त्या मुली माझ्या वर्गात बसतात. मग दोन दिवस लिफ्टमध्ये शांतता असते.

वर्गातलं सगळं बदललं ते माझ्या थोरपणामुळे नव्हे. माझा घसा बसला म्हणून बदललं. डॉक्टरांनी दहा दिवस तोंड उघडू नका म्हणून सांगितलं आणि माझ्या खात्यात रजा शिल्लक नव्हती. मी वर्गात गेले, फळ्यावर लिहिलं, 'कविता वाचा आणि आपापसात बोला', आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग सगळे एकदम बोलले. मासळी बाजारात निदान भाव तरी ठरतो, इथे तेही नव्हतं. मी टेबलावर डस्टर आपटायला उठणार तेवढ्यात मधल्या बाकावरून एक मुलगी म्हणाली की असं नाही चालणार, एकाने पुढे उभं राहायचं आणि तो सांगेल त्यानेच बोलायचं. दुसऱ्या दिवशी आणखी एक नियम आला. कुणीतरी कवितेत नसलेलंच काहीतरी सांगत सुटला होता, तेव्हा ठरलं की जे म्हणायचं ते कुठल्या ओळीवरून म्हणतोस ते पुस्तकात बोट ठेवून दाखवायचं. ओळ नसेल तर खाली बस. पुढे उभं राहायचा मान हजेरीपटाच्या क्रमाने मिळायचा, म्हणजे नेहमीची बोलकी पोरंच पुढे पुढे करणार नाहीत. हे सगळं त्यांनी ठरवलं. मी बोलूच शकत नव्हते.

दहा दिवसांनी घसा परत आला, तास परत आला नाही. मी नेहमीसारखी खडू घेऊन फळ्याकडे निघाले तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलाने अगदी नम्रपणे सांगितलं, "बाई, आज माझा नंबर आहे." मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मला काही सांगायचं असेल तर मीही हात वर करायचा असं ठरलं. माझा नंबर लागेपर्यंत बहुतेक वेळा घंटा व्हायची. इतकी वर्षं जमवलेली माझी विद्वत्ता त्या बाकावर माझ्यासोबत मुकाट बसून राहायची. सुरुवातीला मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. मग हळूहळू ऐकायची सवय लागली, आणि लक्षात आलं की ज्या मुलांना मी 'हुशार', 'बरा' आणि 'ढ' अशा तीन डब्यांत घातलं होतं, ती त्या डब्यांत मावत नव्हती.

त्या वर्षीच्या पुस्तकात आईवरची एक कविता होती. कवितेचं आणि कवीचं नाव सांगत नाही, त्यांच्याशी माझं भांडण नाही. आई पहाटे उठते, भाकऱ्या थापते, घरातल्या सगळ्यांना वाढते, आणि सगळ्यांत शेवटी खरवडून उरलेलं खाते. शेवटच्या कडव्यात मुलगा म्हणतो की आम्ही ढेकर दिली की तिचं पोट भरतं. ही कविता शिकवताना माझे डोळे दरवर्षी भरून यायचे. माझी आईही शेवटी जेवायची. मी मुलांना सांगायचे, त्याग म्हणजे काय ते या कवितेत बघा. मुलं 'त्याग' लिहून घ्यायची आणि खाली रेघ मारायची.

त्या कवितेच्या वेळी हजेरीपटावरचा जो नंबर आला तो एका अशा मुलीचा होता, जिचा आवाज मी वर्षभरात हजेरीच्या 'उपस्थित'पलीकडे ऐकला नव्हता. साताऱ्याकडचं घर. वडील मार्केटमध्ये माथाडी, आई मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला. ती पुढे आली, पुस्तक उघडलं आणि वर्गाला विचारलं, तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? हात वर झाले. जवळजवळ सगळ्यांच्या घरी आई. एका मुलाच्या घरी आजी. एका मुलीची आई रात्रपाळीला जायची, ती सगळ्यांच्या आधी एकटीच उभ्याने जेवायची. एका मुलाची आई नव्हती, तो म्हणाला आमच्याकडे पप्पा शेवटी जेवतात, पण त्यांच्यावर कविता नाय. पोरं हसली. तोही हसला.

मग त्या मुलीने विचारलं, या कवितेत आई काय बोलते? सगळे ओळी शोधायला लागले. मीही शोधायला लागले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, चारही झाली. आई कुठेच बोलत नव्हती. मी ती कविता कित्येक वेळा शिकवली होती, पाठ होती मला, आणि त्यातली आई एक शब्दही बोलत नाही हे मला त्या दिवशी शेवटच्या बाकावर कळलं.

मला ते सहन झालं नाही. मी हात वर केला. माझा नंबर आला तेव्हा मी म्हणाले, मुलांनो, आईला बोलायची गरजच नसते, तिचं प्रेमच सगळं बोलतं. आवाजात मी नेहमीचा ओलावाही आणला. मुलीने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, कुठची ओळ?"

मी पुस्तकात बघितलं. ओळ नव्हती. मी खाली बसले. वर्गात कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं.

पुढे दोन तास त्या कवितेवर भांडण चाललं. एका गटाचं म्हणणं होतं की कवीला आईबद्दल वाटतं ते खरंच आहे, तो काही खोटं बोलत नाही. दुसरा गट म्हणत होता की त्याला वाटतं ते त्याचं झालं, तिला काय वाटतं ते कुठाय? एका मुलाने सांगितलं की घरी ही कविता वाचून दाखवल्यावर त्याची आई रडली. ती का रडली याच्यावर निम्मा तास गेला. भाकरीवरची एक ओळ मात्र सगळ्यांना आवडली, त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. मी फळ्यावर काही लिहिलं नाही, कुणी काही उतरवून घेतलं नाही. माझी चूक झाली असेल तर ती इथे. कारण मुलांनी वर्गातल्या बोलण्याला परीक्षेतलं उत्तर समजायला सुरुवात केली होती आणि मी त्यांना, बाळांनो, परीक्षेत असलं काही लिहायचं नसतं, असं सांगितलं नाही. मला सांगायची लाज वाटली.

पूर्वपरीक्षेत नेमकी तीच कविता आली. आमच्याकडे पेपर अदलाबदल करून तपासतात, माझ्या तुकडीचे पेपर शेजारच्या तुकडीच्या सरांकडे गेले. सर जुने, मोत्यासारखं अक्षर, वर्गात पंखा बंद पडला तर स्वतः स्टुलावर चढणारे. माणूस वाईट नाही. तेवीस मुलांनी त्या दोन मार्कांच्या प्रश्नाला 'मला ही कविता आवडली नाही' अशी सुरुवात केली होती. सरांनी तेवीसही जणांना शून्य दिलं. त्या मुलीच्या उत्तराखाली त्यांनी लाल शाईत लिहिलं होतं, विषय सोडून, कवीचा अनादर.

मी पेपर घेऊन त्यांच्याकडे गेले. प्रश्न दाखवला. 'वा न आवडण्याचे' या शब्दांवर बोट ठेवलं. सरांनी चष्मा वर करून ते बघितलं आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर माझाच जुना चेहरा दिसला. त्यांनाही ते शब्द पहिल्यांदाच दिसत होते. पण ते म्हणाले की छापलेलं असतं हो, म्हणून काय कुणी लिहितं का? बोर्डाचा तपासनीस असले पेपर बघून काय म्हणेल? मी म्हटलं, तपासनीस काय म्हणेल ते तो बघेल, तुम्ही प्रश्नाप्रमाणे मार्क द्या. ते म्हणाले, बाई, तुम्ही पोरांचं नुकसान करताय. हे त्यांनी मनापासून म्हटलं, म्हणून मला जास्त राग आला. मी निकालपत्रकावर सही करायला नकार दिला.

विषयशिक्षकाची सही नाही म्हटल्यावर निकाल अडला आणि प्रकरण मोठ्या बाईंकडे गेलं. मोठ्या बाई कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि विचारलं की तुमच्या वर्गात तुम्ही शिकवत नाही, मुलंच शिकवतात, असं मी ऐकते, खरं का? मी म्हटलं खरं आहे. वह्या तपासल्या का? मी म्हटलं वह्या कोऱ्या आहेत. मग म्हणाल्या की लेखी खुलासा द्या. शाळेत काही झालं की लेखी खुलासा द्यायचा असतो. तो साधारण दीड पानाचा असतो, त्यात 'अनवधानाने' हा शब्द दोनदा येतो आणि शेवटी दिलगिरी. मी एक ओळीचा खुलासा लिहिला. प्रश्नपत्रिकेत 'वा न आवडण्याचे' असे छापलेले आहे, विद्यार्थ्यांनी प्रश्न वाचून उत्तर लिहिले आहे, सबब दिलगिरीचा प्रश्न उद्भवत नाही. आमच्या क्लार्कने तो आवक वहीत चढवताना तीनदा वाचला आणि मला विचारलं, "बाई, पुढचं पान राहिलं का?"

पुढचं पान नव्हतं. खुलाशाची गोष्ट शाळाभर झाली आणि चार दिवस मी ताठ मानेने फिरले. आपण फार शूर आहोत असं मला वाटत होतं.

पाचव्या दिवशी कळलं की मोठ्या बाईंनी माझ्याशी भांडायचं सोडून दिलं आहे आणि वाट मुलांकडून काढली आहे. तेवीस जणांसाठी एकच मजकूर टाइप करून झेरॉक्स काढल्या होत्या. पूर्वपरीक्षेत मी लिहिलेले उत्तर चुकीचे असून त्याबद्दल मी क्षमा मागतो/मागते, बोर्डाच्या परीक्षेत शिक्षकांनी दिल्याप्रमाणेच उत्तर लिहीन. खाली विद्यार्थ्याची सही, पालकांची सही. कागद आणून दिला की हॉल तिकीट मिळेल. असं हॉल तिकीट अडवता येत नाही हे मला माहीत होतं, मोठ्या बाईंनाही माहीत होतं. पण तुर्भ्यातल्या कुठल्या आईबापाला ते माहीत असणार? आणि माहीत असलं तरी परीक्षा पंधरा दिवसांवर आल्यावर कोण भांडत बसणार?

मी मोठ्या बाईंकडे गेले, वाद घातला, वरिष्ठांकडे जाईन म्हणाले. त्या शांतपणे म्हणाल्या, जा, तोवर परीक्षा होऊन जाईल. त्यांचं म्हणणं खरं होतं. मग मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. मी वर्गात गेले, पहिल्यांदाच कुणाला न विचारता पुढे उभी राहिले, आणि म्हणाले की सह्या करा. कागदाला काय अर्थ आहे, एक कागद. हॉल तिकीट घ्या, पेपर चांगला लिहा, बाकीचं मी बघते. मुलांनी माझं ऐकलं. बावीस कागद दोन दिवसांत जमा झाले.

तेविसावा आला नाही. मी त्या मुलीला मधल्या सुट्टीत व्हरांड्यात गाठलं. पुन्हा तेच सगळं सांगितलं, जरा जास्तच गोड आवाजात. हट्ट करू नकोस, वर्ष जाईल, तुझ्या आईवडिलांना किती टेन्शन येईल. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "बाई, तुमी खुलाशात माफी मागितली?"

मी नाही म्हणाले.

पुढचं मला कळत होतंच. मी माझा ताठा माझ्याजवळ जपून ठेवला होता आणि पंधरा वर्षांच्या पोरीला म्हणत होते की तुझा तेवढा दे टाकून. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. मी तिला म्हटलं, नको करूस सही. मी तुझ्याबरोबर आहे. आणि हे बोलताना मला भीतीही वाटत होती, कारण मी बरोबर असून तिला परीक्षेला बसवू शकणार नव्हते.

मोठ्या बाईंनी तिच्या घरी निरोप पाठवला. पालकांनी येऊन जावं. वडील येतील असं मला वाटलं होतं. पोरीने घरातलं जेवणखाण पेपरात लिहिलं म्हटल्यावर ते दोन थोबाडीत देतील आणि अंगठा उठवून जातील, असा माझा अंदाज होता. माझ्या अंदाजांची किंमत वर्षभरात मला कळली होती, तरी सवय जात नाही. वडील आले नाहीत. दुपारी दीडच्या सुमाराला आई आली. कारखान्यातून तासाभराची सुट्टी मागून आली होती. कंपनीचा निळा कोट काढून तिने पिशवीत कोंबला होता, पण नखं हळदीने पिवळी होती आणि ती आल्यावर केबिनमध्ये गरम मसाल्याचा वास पसरला. मोठ्या बाईंनी तिला बसा म्हटलं. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. मुलगी आणि मी भिंतीजवळ उभ्या होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी ऑफ तास होता म्हणून गेले आणि बाहेर जा म्हणायची मोठ्या बाईंना हिंमत झाली नाही, एवढंच.

मोठ्या बाईंनी सगळं समजावून सांगितलं. मुलगी हुशार आहे, पण वर्गात तिला नको ते वळण लागलं आहे. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आईवर इतकी सुंदर कविता, आणि हिने ती आवडली नाही म्हणून लिहिलं, वर तुमचं नाव घालून काहीबाही लिहिलं. तुम्हीच ऐका, म्हणाल्या. आणि मुलीच्या हातात तिचाच पेपर दिला. आईसमोर वाच.

शरमेने ती रडेल आणि सही करेल, असा त्यामागे हिशोब होता. पण मुलीने वाचलं, एकही शब्द न गाळता.

'मला ही कविता आवडली नाही. कारण या कवितेत आई सगळ्यांना वाढते पण एकदाही बोलत नाही. आमच्या ढेकरांनी तिचं पोट भरतं हे मुलगा सांगतो. त्याला कसं कळलं? मी माझ्या आईला विचारलं की आम्ही जेवल्यावर तुझं पोट भरल्यासारखं होतं का. ती म्हणाली, मला भूक लागते. म्हणून मला वाटतं कवीने पण विचारायला पाहिजे होतं. भाकरीची ओळ मात्र छान आहे.'

आईने मान खाली घातली होती. मला वाटलं, संपलं. मोठ्या बाईंनी माफीचा कागद तिच्यापुढे सरकवला, त्यावर पेन ठेवलं. तिने कागदाला हात लावला नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, बाई, काय लिवलंय ते वाचून दावा. मी वाचून दाखवलं. 'मी लिहिलेले उत्तर चुकीचे असून' इथे तिने मला थांबवलं.

"चुकीचं म्हंजी खोटं?"

मी म्हटलं, हो, तसंच.

मग ती माझ्याशी नाही, मोठ्या बाईंशी बोलली. आवाज बारीक होता, पण नजर सरळ होती.

"म्याडम, लगीन होऊन अठरा वर्सं झाली. मला भूक लागती का म्हनून पयल्यांदा हिनं इचारलं. सासूनं न्हाई, मालकानं न्हाई, माज्या आईनं बी न्हाई. म्या खरं ते सांगितलं, हिनं खरं ते लिवलं. आता ते खोटं हाय म्हनून म्या सही करू व्हय?"

मोठ्या बाईंच्या टेबलावर कडेला त्यांचा डबा होता, दुपारचे दोन वाजत आले होते आणि तो अजून उघडला नव्हता. मी तिकडे बघितलं ते त्यांना दिसलं. त्यांनी कागद उचलला, घडी घातली, खण उघडून हॉल तिकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. नाव नीट बघून घ्या, एवढंच म्हणाल्या.

आईने मुलीकडून नाव वाचून घेतलं, जन्मतारीख वाचून घेतली, तिकीट पदराच्या टोकात गुंडाळलं आणि बाहेर आली. मी मागोमाग गेले. मला तिचे पाय धरावेसे वाटत होते आणि तसलं काही केलं तर ती घाबरेल हेही कळत होतं. व्हरांड्यात ती थांबली आणि तिने मला जे विचारलं ते या सगळ्या प्रकरणात मला कुणीच विचारलं नव्हतं.

"बाई, हिनं मोठ्या परीक्षेत बी असंच लिवलं तर मार्क कमी पडतील का?"

खोटं बोलणं सोपं होतं. नाही पडणार म्हटलं असतं तर ती निवांत कामावर गेली असती. मी म्हटलं, पडतील कदाचित. दोन मार्कांचा प्रश्न आहे. तपासणारा कोण असेल, काय मनाचा असेल, सांगता येत नाही.

तिने मुलीकडे बघितलं. मुलगी पायाच्या अंगठ्याने फरशी खरडत होती.

"दोनच ना," ती म्हणाली, "पडू द्यात. आजवर कुटं कुटं काय काय सोडून दिलंय, त्याच्यापुढं दोन काय. पन हे सोडू नगं म्हनावं हिला."

मग तिने पिशवीतून निळा कोट काढून अंगात घातला, कारण अडीचच्या आत कामावर परतायचं होतं, आणि मुलीला वर्गात जा म्हणाली.